नऊ दिवसांची बुद्धगया

कचरूभाऊ इंगळ्यांचं सगळं आयुष्य खोटं पकडण्यात गेलं. माणसांचं नव्हे, लोखंडाचं. एरंडवण्याच्या बाजूला मापं घेण्याची उपकरणं बनवणारा एक कारखाना होता, तिथं ते तपासणी खात्यात होते. कारागिरानं घासूनपुसून आणलेला तुकडा ते खिडकीच्या उजेडात धरायचे, माप लावायचे, आणि केसाच्या जाडीहून बारीक चूक दिसली तरी मुकाट्यानं लाल पेटीत टाकायचे. "जाऊ द्या ना, एवढ्यानं काय होतंय?" असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "एवढ्यानं काही होत नाही ना, मग एवढं नीट करायला काय होतं?" एकतीस वर्षांत त्यांच्या शिक्क्यावर कोणी बोट ठेवलं नाही.

अशा माणसानं जन्मात एकदाच ठरवून खोटं केलं. ते पचलंही. पण त्याची भरपाई त्यांनी नाही केली, त्यांच्या बायकोनं केली. ती कशी, हे कळलं की या सरळ माणसाचा राग येतो, आणि रागाच्या मागोमाग कीवही येते.

कचरूभाऊ मूळचे अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली ते आठ वर्षांचे होते. दीक्षेसाठी नागपूरला जायचं म्हणून त्यांच्या बापानं घरातली पितळेची घागर, दोन ताटं आणि बायकोच्या पायातली चांदी विकली. होतं नव्हतं ते सगळं त्या एका प्रवासात गेलं आणि परत आल्यावर घरात पाण्याला मातीचं मडकं उरलं. "किती खर्च आला?" असं पुढं कोणी विचारलं की म्हातारा म्हणायचा, "हिशेब केला असता तर गेलोच नसतो." कचरूभाऊंना बापाचा अभिमान होता. पण ते मडकंही आठवत होतं, आणि स्वतःचा संसार करताना त्यांनी मडकंच जास्त लक्षात ठेवलं.

एकाहत्तर साली ते पुण्याला आले आणि कारखान्यात चिकटले. चार वर्षांनी तिकडचीच सुंदराबाई बायको म्हणून आली. कर्वेनगरात कॅनॉलच्या अलीकडे बैठ्या घरांची एक ओळ होती, त्यात त्यांच्या दोन खोल्या. मोठी मुलगी चैताली, आणि तिच्या पाठीवर आठ वर्षांनी झालेला अभय.

माणसानं हिंडण्याफिरण्यावर मिळकतीचा किती हिस्सा घालवावा, याबद्दल कचरूभाऊंचा नियम पक्का होता. वर्षाला एक पगार, त्याच्यावर छदाम नाही. ऐकायला हे उदार वाटतं. पण त्या एका पगारात गावाकडची लग्नं, मयती, आजारपणं, तिकडे न्यायच्या साड्या-टोप्या असं सगळं बसवलेलं होतं. ते वजा जाता जे उरायचं, त्यात माणूस कर्वेनगरातून स्वारगेटला जाऊन परत येऊ शकला असता. नव्वदनंतर वारं फिरलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये सहलींची रंगीत माहितीपत्रकं हातोहात फिरू लागली. कोणी मनालीला जाऊन आलं, कोणी पतपेढीचं कर्ज काढून उटीला. कचरूभाऊ डबा खाता खाता विचारायचे, "पगाराचा कितवा हिस्सा बर्फात गेला?" समोरचा आकडा सांगायचा नाही, लोणचं मागायचा.

कारखान्याकडून दर दोन वर्षांनी प्रवासभत्ता मिळायचा. आधी उचल घ्यायची, सहकुटुंब जाऊन यायचं, मग पावत्या जोडायच्या. जो जाणार नाही त्यानं उचल परत करायची. नियम असा होता आणि तो मोडायची रीतही तितकीच पक्की होती. बुधवार पेठेत एका जिन्याखाली एक एजंट बसायचा, तो थोडं कमिशन घेऊन म्हणाल त्या गावाच्या पावत्या द्यायचा. त्याच्या कृपेनं अर्धा कारखाना काश्मीर बघून आलेला होता आणि त्यातल्या एकालाही थंडी वाजली नव्हती. कचरूभाऊंनी पंचवीस वर्षांत हा भत्ता घेतलाच नाही. जायचं नाही तर घ्यायचा कशाला? लोक त्यांना वेड्यात काढायचे, पण विश्वास ठेवायचा झाला तर त्यांच्यावरच ठेवायचे. रविवारी विहारात वंदना झाली की मुलांना पंचशील समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आले की त्यांचा आवाज जरा चढायचा.

सुंदराबाईंनी बावीस वर्षांत नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. "मले एकदा बुद्धगया पाहाची हाय." सोनं नाही, फ्रिज नाही, एवढंच. सत्त्याण्णव साली कचरूभाऊंनी एकदाचं मन मोठं केलं. नारायण पेठेतल्या एका यात्रावाल्याची बुद्धगया-सारनाथची बस मे महिन्यात निघणार होती, जाऊन-येऊन नऊ दिवस. त्यांनी रजा मंजूर करून घेतली, भत्त्याची उचल घेतली, बसमध्ये चार नावं सांगून ठेवली. सुंदराबाईंनी लक्ष्मी रोडवरून एक पांढरं पातळ आणलं. बोधिवृक्षाखाली नेसायचं म्हणून ते घडी न मोडता पेटीत ठेवलं. शेजारच्या कांताबाई, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नगरकडच्या म्हाताऱ्या, त्यांनी निरोपच देऊन ठेवला, "माझ्यासाठी एक पान आण गं तिथलं. खाली पडलेलं आण, तोडू नको."

आणि नेमकी त्याच आठवड्यात चैताली कागद घेऊन आली. तिची बारावीची परीक्षा झाली होती. कर्वे रोडवरच्या संगणकाच्या एका संस्थेत प्रवेशपरीक्षा होती, त्यात ती सहावी आली होती. पहिल्या वर्षाची फी दहा दिवसांत भरायची होती. फीचा आकडा आणि उचलीचा आकडा, दोन्ही जवळजवळ सारखे.

कचरूभाऊ दोन दिवस दोन्ही आकडे मांडत बसले. तिसऱ्या दिवशी सुंदराबाईंनीच विषय काढला.

"ते पैसे पोरीच्या फीले भरा."

"ती उचल आहे. गेलो नाही तर परत करावी लागते."

"मंग गेलो म्हणून सांगा. बाकीचे सांगतातच ना?"

"मी बाकीच्यांसारखा नाही."

"बरं. मंग पोरगी राहू द्या बाकीच्यांच्या पोरींसारखी. घरी बसलेली." त्या भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "बुद्धगया काही पळून चालली नाही. अडीच हजार वर्सं झाली, तिथंच हाय ते."

कचरूभाऊंना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते बुधवार पेठेतल्या त्या जिन्याखाली गेले आणि पावत्या घेऊन आले. फी भरली. बसमधली नावं काढून टाकली. पण इतर लोक खोटं जसं सहज करतात, तसं त्यांना जमेना. त्यांच्या घरासमोरच सर्जेराव राहायचे, कारखान्याच्या टाइम ऑफिसातले. भत्त्याचे सगळे कागद सर्जेरावांच्याच टेबलावर जायचे. तेव्हा नुसती पावती जोडून भागणार नव्हतं, जाताना दिसायलाही हवं होतं. तपासनीस माणूस, खोटंही त्यांनी मापात बसवून केलं.

ठरल्या दिवशी सकाळी सहाला चौघं बॅगा घेऊन रिक्षात बसले. दाराला कुलूप लावलं. सर्जेराव दात घासत बाहेर आले आणि त्यांनी हात हलवला. कांताबाईंनी दारातून हात जोडले. रिक्षा स्वारगेटला गेली. तिथून ही मंडळी सारसबागेत जाऊन एका बाकावर बसली, ती थेट दुपारी अडीचपर्यंत. अडीचला गल्लीत चिटपाखरू नसतं. पुण्यात त्या वेळी चोरसुद्धा झोपतो. मोरीकडच्या बोळानं येऊन ते मागच्या दारातून एकेक करून स्वतःच्या घरात शिरले. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, आत चार माणसं.

ते नऊ दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. रेडिओ नाही, पंखा फक्त एकवर. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी होते. फोडणी द्यायची नाही, कारण वास जातो. सुंदराबाई उघड्या पातेल्यात भात शिजवायच्या आणि सगळे तो मिठाशी खायचे. बोलायचं ते कानात. मे महिन्यात बंद खिडक्यांच्या आत चौघं घामानं भिजून फरशीवर पडून राहायची. त्यात चौथ्या दिवशी अभयला खोकला झाला. दहा वर्षांचं पोर, उबळ आली की सुंदराबाई त्याचं तोंड उशीत धरायच्या आणि त्याची पाठ चोळत राहायच्या. पोराचे डोळे पाण्यानं भरायचे. कचरूभाऊ भिंतीकडं तोंड करून बसायचे.

कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे म्हणून चैतालीनं वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं. दुपारी ती हळू आवाजात वाचायची. मंदिर किती उंच, वज्रासन कुठं, नदी कोणत्या बाजूला. कचरूभाऊ मध्येच प्रश्न विचारायचे आणि चूक झाली की परत म्हणून घ्यायचे. अभय कंटाळायचा. सुंदराबाई मात्र डोळे मिटून ऐकायच्या. तेच पान त्यांनी चैतालीला तीनदा वाचायला लावलं. "झाडाखाली किती लोक बसत असतील?" असं त्या विचारायच्या. पुस्तकात ते नव्हतं.

आठव्या दिवशी कचरूभाऊंच्या एक चूक ध्यानात आली. नऊ दिवस उन्हातान्हातून हिंडून आलेला माणूस काळवंडतो आणि ही चौघं अंधारात राहून उजळली होती. म्हणून नवव्या दिवशी पहाटे बॅगा घेऊन ते मागच्या दारानं बाहेर पडले आणि पर्वतीवर गेले. देवळाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. मागच्या अंगाला खडकावर ते दिवसभर ऊन खात बसून राहिले. खालचं अख्खं पुणं दिसत होतं. नऊ दिवसांनी मोठ्यानं बोलायला मिळाल्यावर अभय ओरडत सुटला. चैतालीनं कर्वेनगर कुठं आहे ते शोधून दाखवलं. उतरताना त्यांनी भेळ खाल्ली, उसाचा रस प्याले, सुंदराबाईंनी आणखी एक ग्लास मागून घेतला आणि फेसाच्या मिशा आल्या म्हणून पोरं हसली तेव्हा त्याही पोट धरून हसल्या. सगळा मिळून खर्च एकोणतीस रुपये. इंगळे कुटुंबाची आयुष्यातली ती एकुलती एक सहल, आणि ती काय आहे हे त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणालाच कळलं नाही.

येताना सुंदराबाईंनी कॅनॉलच्या कडेला रिक्षा थांबवली. तिथं पिंपळ होता. खाली पडलेलं एक पान त्यांनी उचललं, पदराला पुसलं आणि पुस्तकात ठेवलं.

गल्लीत त्यांचं स्वागत झालं. यात्रेहून आलेल्यांच्या पाया पडायची रीत, बायका पुढं होऊन सुंदराबाईंच्या पाया पडल्या. त्या मागं सरकत भिंतीला टेकल्या. कांताबाईंनी पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. म्हणाल्या, "लई लांबून आणलंस गं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अडुळशाचा काढा घेऊन आल्या. "पोराला पाज. खोकला बरा न्हाई." सुंदराबाईंनी वाटी घेतली. कचरूभाऊ दाढी करत होते. लोखंडातली केसभर चूक पकडणाऱ्या या माणसाला त्या वाटीत काहीसुद्धा दिसलं नाही.

कारखान्यात सर्जेरावांनी पावत्यांवर नजरसुद्धा न टाकता शिक्का मारला. "तुमचं काय बघायचं कचरूभाऊ," ते म्हणाले. कचरूभाऊंना वाटलं, हे आपल्या नावाचं वजन. त्यांना लाज वाटली आणि लाजेच्या तळाशी थोडं बरंही वाटलं.

पंधरा दिवसांनी बुद्धपौर्णिमा आली. विहारात बायकांनी आग्रह धरला, सुंदराताईंनी बुद्धगयेचं सांगावं. त्यांना नाही म्हणता येईना. नवं पातळ नेसा, असं चैताली म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "ते तिथं नेसाचं हाय." जुन्याच लुगड्यात त्या उभ्या राहिल्या. पाठ केलेल्यातलं त्यांना काही आठवलं नाही. नदी कोणत्या बाजूला तेही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं कोणी मोठ्यानं बोलत नाही. नऊ दिवस आमी हळूच बोललो. पोराले खोकला आला तर भेव वाटे, कोणाले त्रास नको. साधं जेवलो, मिठासंगं. एवढा येळ आमी चौघं एका जागी कधी बसलो नव्हतो." मग त्या रडायला लागल्या. सगळ्या बायकाही रडल्या. कांताबाईंनी उठून त्यांना जवळ घेतलं. मागच्या रांगेत बसलेल्या कचरूभाऊंना जमीन दुभंगली तर बरं असं झालं, कारण त्यांच्या बायकोनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी ते मुलांना पंचशील शिकवायला उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच चढला.

वर्षं भराभर गेली. कांताबाई गेल्या. त्यांची मुलगी ललिता आईच्या घरात राहायला आली, तिनं ते पान काचेत घालून बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं. सुंदराबाई त्या घरात गेल्या की तसबिरीकडं पाठ करून बसायच्या. दोन हजार दोनमध्ये कारखान्यानं सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची होती ते कागदावर नव्हतं. त्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्यात गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं संगणकासमोर बसू लागली. बैठी घरं पाडून तिथंही सात मजले झाले, जुन्या लोकांना त्यातच फ्लॅट मिळाले. कचरूभाऊ विहार समितीचे अध्यक्ष झाले. भावाभावांची भांडणं त्यांच्यापुढं यायला लागली. इंगळे काका म्हणतात म्हणजे खरं, असं लोक म्हणायचे.

चैताली हिंजवडीत नोकरीला लागली. कारखान्यात बापाला जो पगार वर्षाला मिळायचा, तो तिला दोन महिन्यांत मिळू लागला. ती मैत्रिणींबरोबर सिक्कीमला गेली, केरळला गेली, एकदा बँकॉकला जाऊन आली. कचरूभाऊंनी सवयीनं विचारलं, "पगाराचा कितवा हिस्सा?"

"बाबा, टेन पर्सेंट. एक्सेलमध्ये ट्रॅव्हलचा वेगळा कॉलमच आहे," ती हसून म्हणाली. मग म्हणाली, "आणि यावर्षी तो कॉलम तुमचा आहे. तुम्ही आणि आई. पाटण्यापर्यंत फ्लाइट, पुढं गाडी. बुद्धगया."

हे दोन हजार सातचं. सुंदराबाई निवडत असलेली मेथी तशीच हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "जाईन मी. पन आधी विहारात सांगीन. आमी पहिल्यांदाच चाललो, मागच्या खेपी गेलो नव्हतो, असं सांगीन अन् मंगच जाईन."

चैताली आत निघून गेली. कचरूभाऊ म्हणाले, "दहा वर्षांनी हे उकरून काय मिळणार? कोणाचं नुकसान झालंय त्यात?"

"कांताबाई ते पान छातीशी धरून मेली."

"म्हणूनच म्हणतो. ललिताला काय वाटेल? लोकांना काय वाटेल? मी कोणत्या तोंडानं तिथं उभा राहू?" मग त्यांनी तोड काढली. "गावाला चाललो म्हणून सांगू. गुपचूप जाऊन येऊ."

सुंदराबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ती नजर त्यांना पुढं कितीतरी दिवस झोपू देईना. "तवा न जाता गेलो म्हणून सांगतलं. आता जाऊन गेलो नाही म्हणून सांगू? किती येळा कुलपामागं राहू मी?"

कचरूभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी विहाराच्या छताचं काम निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी अभयचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. मग समितीची निवडणूक आली आणि त्या वर्षी तर बोलणं शक्यच नव्हतं. चैताली दर उन्हाळ्यात विचारायची, पैसे बाजूला काढलेले असायचे, आणि दर उन्हाळ्यात ते पैसे तसेच राहायचे. सुंदराबाईंनी पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ नवरे आपल्या सोयीनं लावतात. कचरूभाऊंनी असा लावला, की तिची हौस आता मावळली असेल. खरं म्हणजे फीचे पैसे केव्हाच वसूल झाले होते, पगाराचा हिस्सा कितवा हा प्रश्नच उरला नव्हता. मध्ये उभा होता तो फक्त त्यांचा स्वतःचा शिक्का.

दोन हजार अकराच्या जानेवारीत सुंदराबाईंना ताप आला. चौथ्या दिवशी त्या गेल्या. शुद्धीत होत्या तोवर अभयची, औषधांची, दळणाची चौकशी करत होत्या, बुद्धगयेचं नाव घेतलं नाही. चैतालीनं पेटी उघडली आणि चौदा वर्षांपूर्वीचं ते पांढरं पातळ बाहेर काढलं. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या. ते नेसवून त्यांना नेलं.

पुण्यानुमोदनाच्या, आदरांजलीच्या दिवशी विहार भरला होता. बरेच जण बोलले. शेवटी सर्जेराव उठले, आता काठी टेकत चालणारे. म्हणाले, "वहिनी साध्या होत्या, पण नशीबवान. आपल्यातल्या किती जणांना घडतं? त्यांनी डोळ्यांनी बुद्धगया पाहिली."

कचरूभाऊ पुढच्या रांगेत बसले होते. ते उठले. चैतालीनं त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवली.

"ती गेली नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. उचल, जिन्याखालचा एजंट, कुलूप, मिठाशी खाल्लेला भात, पर्वती, कॅनॉलवरचं पान. खाली बघून सांगितलं, एकही गोष्ट न गाळता, चूक कुठं आहे ते कारागिराला दाखवावं तसं. "त्यानंतर ती जाणार होती. फक्त तुम्हाला खरं सांगून जाईन म्हणाली. मी सांगू दिलं नाही. माझं नाव जाईल म्हणून सांगू दिलं नाही. दोष तिचा नाही, माझा आहे."

सांगून झाल्यावर त्यांनी मान वर केली. चेहऱ्यांवर धक्का दिसेल, राग दिसेल अशी तयारी करून ते उभे होते. पण जुन्या गल्लीतल्या एकाही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सर्जेराव काठीच्या मुठीकडं बघत होते.

ललिता बायकांमधून उठून पुढं आली. तिनं आवाज अगदी खाली आणला.

"काका, आम्हाला माहीत होतं. भिंत ती केवढी होती? आईला अभयचा खोकला ऐकू यायचा. त्याच दिवशी तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या फीसाठी केलंय, कोणी विचारायचं नाही. सर्जेरावकाकांना तर तिनं शपथच घातली होती."

"आणि ते पान?"

"ते कॅनॉलवरचं, हेही माहीत होतं. जवळ दुसरा पिंपळ होता कुठं? ती म्हणायची, माझ्यासाठी उचललंय ना, मग झालं."

कचरूभाऊंनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे, हे सुंदराला माहीत होतं?"

ललितानं मान हलवली. "नाही. आम्ही कधी विषयच काढला नाही. तुम्हाला ओशाळं वाटलं असतं, काका."

"म्हणजे ती कधीही जाऊ शकली असती," कचरूभाऊ म्हणाले. मग सर्जेरावांकडं वळून, जणू कागद त्यांच्याच टेबलावर आहे असं, पुन्हा म्हणाले, "ती कधीही जाऊ शकली असती."

सर्जेरावांनी डोळे पुसले. समोर सतरंजीवर रविवारची मुलं बसली होती, ती त्यांच्याकडं टक लावून बघत होती. चैतालीनं उठून बापाचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.